सोसायटीत रॉटवायलरवर बंदी घालावी का? २२ वर्षं प्रॅक्टिस केलेल्या व्हेटचं उत्तर

तुमचा प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाकडच्या एका मोठ्या सोसायटीचे तुम्ही सेक्रेटरी. तीन आठवड्यांपूर्वी लिफ्टचं दार उघडलं आणि आतल्या रॉटवायलरने बाहेर उभ्या असलेल्या स्वयंपाकाच्या मावशींवर झेप घेतली, कोपराखाली चावा, दोन दात खोल गेले. आता रविवारच्या एजीएममध्ये ठराव येतोय की पिटबुल, रॉटवायलर आणि जर्मन शेफर्ड सोसायटीत ठेवायचे नाहीत आणि हा जो कुत्रा आहे तो ३० दिवसांत बाहेर काढायचा. तुम्ही विचारलंय हे कायदेशीर आहे का, बरोबर आहे का, आणि याच्याऐवजी लीशचा, म्हणजे कुत्रा धरायच्या दोरीचा, नियम करायचा तर कसा करायचा.

मी पुण्यात २२ वर्षं कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे, त्यातली शेवटची १०-१२ वर्षं चावणाऱ्या, गुरगुरणाऱ्या कुत्र्यांच्या केसेस जास्त बघते, त्यामुळे जे लिहितेय ते टेबलावर बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी मावशी. तुमच्या एवढ्या लांब मेसेजमध्ये त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे म्हणून विचारते, त्यांची इंजेक्शनं नीट चालू आहेत का? दंडात देतात ते पाच डोस असतात, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ते चार, ०, ३, ७ आणि २८. म्हणजे कुठलंही शेड्यूल असलं तरी त्यांचा शेवटचा डोस अजून बाकी आहे. जखम खोल होती, रक्त आलं होतं, म्हणजे पहिल्या दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, दिलं होतं का तेही त्यांच्या कागदावर बघा. कुत्र्याचं रेबीज व्हॅक्सिन झालंय म्हणून मावशींना इंजेक्शन नको असं सोसायटीत कोणी म्हणालं असेल तर ते चुकीचं आहे. कुत्रा दहा दिवसांनंतर ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीजची भीती राहत नाही हे खरं, पण डोस थांबवायचा की पूर्ण करायचा हे त्यांचे डॉक्टर ठरवतील, कमिटी नाही. आणि चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची, हे तुमच्या वॉचमनना आणि कामाला येणाऱ्या सगळ्या मावश्यांना माहिती हवं, लॉबीत एक कागद चिकटवा, खर्च शून्य आहे. त्यांचे बुडालेले दिवस कोणी भरून दिले? मालकाने द्यायला हवेत, आणि सगळ्या घरांनी पगार न कापता द्यायला हवा. हे मी आधी लिहितेय कारण प्रत्येक अशा वादात मी बघते की दोन बाजूचे फ्लॅटवाले भांडत राहतात आणि ज्या बाईला चावलं ती तिसऱ्या दिवशी दुखऱ्या हाताने पोळ्या लाटत असते.

आता कायदा. सोसायटी बहुमताने ठराव करून कुठल्याच जातीचा कुत्रा बंद करू शकत नाही. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्समध्ये हे स्पष्ट आहे, बहुमत असलं तरी पाळीव प्राण्यावर बंदी नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. ३० दिवसांत कुत्रा काढा ही नोटीस दिलीत तर पुढच्या महिन्यात तुम्हीच वकिलाकडे बसलेले असाल. आणि घाबरून मालकाने तो कुत्रा ताम्हिणीच्या रस्त्याला सोडून दिला तर तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, शिवाय लिफ्टमध्ये झेप घेणारा पन्नास किलोचा उपाशी कुत्रा तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी पोरांच्या गावात पाठवलात असा त्याचा अर्थ होतो.

जातीवर बंदीचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याकडे केंद्र सरकारने करून बघितला. १२ मार्च २०२४ ला पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं की २३ जातींना परवाना देऊ नका, विक्री आणि ब्रीडिंग थांबवा, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांची नसबंदी करून घ्या. त्या आठवड्यात माझा फोन सतत वाजत होता. लोक विचारत होते मॅडम आमचा कुत्रा उचलून नेणार का, कोणाला तरी देऊन टाकू का, एकाने तर ठेवून घ्या म्हणून क्लिनिकच्या दारात आणून बांधला. ती यादी मी तेव्हा नीट वाचली होती. त्यात तोसा इनू वेगळा लिहिलाय आणि जपानी तोसा वेगळा लिहिलाय, आता हा एकच कुत्रा आहे, दोन नावांनी. मास्टिफ आणि टेरियर असे तर अख्खे गटच्या गट टाकलेत, आणि टेरियर म्हटलं की त्यात कुशीत झोपणारा तीन किलोचा यॉर्कशायर टेरियर पण येतो. कर्नाटक हायकोर्टाने ते पत्र एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, संबंधित लोकांचं म्हणणं ऐकलंच नाही म्हणून, आणि सुनावणीत मालकाच्या जबाबदारीचा मुद्दाही आला. दिल्ली हायकोर्टातही सरकारला लोकांच्या हरकती मागवायची वेळ आली. ज्या लोकांनी ती यादी केली त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, लोक मेले होते. पण रोज कुत्रे हाताळणाऱ्या दहा जणांना शेजारी बसवून ती केली असती तर अशी झाली नसती.

लोक मेले होते हे मी मुद्दाम लिहितेय, कारण कुत्रेवाले लोक इथे पटकन म्हणतात की जात काही नसते, सगळं संस्कारावर असतं. मी तसं म्हणणार नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौला ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका घरच्याच पिटबुलने मारल्या गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणेला सात वर्षांचं मूल पिटबुलच्या हल्ल्यात गेलं, त्यानंतर गोव्यात मागणी वाढली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदी आणायचं ठरवलं. त्या आईबापांना कोणी जाऊन संस्कार सांगायचे नाहीत. जबडा, वजन आणि एकदा धरलं की न सोडण्याची सवय या तीन गोष्टी काही जातींमध्ये माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडून आणल्यात, म्हणून तोच राग पॉमेरेनियनला आला तर बँडेज लागतं आणि रॉटवायलरला आला तर ऑपरेशन लागतं. चावला तर किती नुकसान होईल हे जातीवरून, वजनावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

पण चावेल का, हे जातीवरून सांगता येत नाही, आणि बंदीचा सगळा हिशोब इथे चुकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास छापून आला, त्यांची वागणूक आणि काहींचे जनुक असं दोन्ही बघितलं, तर एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे पडलेला फरक साधारण ९ टक्के निघाला, आणि किती लवकर चिडतो या बाबतीत तर जात फारच कमी उपयोगी पडली. माझ्या टेबलावर पण तेच दिसतं. माझ्याकडे चाव्याच्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त येतात ते लॅब आणि गोल्डन, कारण पुण्यात तेच सगळ्यात जास्त पाळले जातात, आणि कारण लोक समजतात की लॅब कधी चावत नाही म्हणून तो जेवत असताना पोराला त्याच्या ताटलीत हात घालू देतात.

आणि मुंबईतली दोन प्रकरणं बघा. २०१० मध्ये एका रॉटवायलरने मालकाच्याच नातेवाईकाला चावलं, २०२३ मध्ये मालकाला तीन महिने शिक्षा झाली. २०१८ मध्ये वरळीत लिफ्टमध्ये, हो लिफ्टमध्येच, एका कुत्र्याने माणसाला चावलं, मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली. तो कुत्रा हस्की होता. तुमच्या ठरावात हस्की नाही, सरकारच्या २३ मध्येही हस्की नाही. म्हणजे उद्या रविवारी तुमचा ठराव एकमताने पास झाला तरी सोमवारी सकाळी तसाच्या तसा प्रसंग तुमच्या लिफ्टमध्ये पूर्ण नियमात बसून घडू शकतो.

शिवाय ओळखणार कोण? आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया अमेरिकन पिटबुल ही जात रजिस्टरच करत नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदणीच्या पेपरसकट पिटबुल म्हणून जो विकतो तो खोटं बोलतोय. चाकण, मुळशी भागातून विनापेपर पिल्लं येतात, अर्धा स्टाफर्ड, अर्धा बुली, थोडा आणखी काही, आणि मालक पिटबुल म्हणून मिरवतो, बंदी आली की तोच मालक लॅब क्रॉस म्हणून परवान्यावर लिहितो. इंग्लंडने १९९१ मध्ये चार जातींवर बंदी आणली, पिटबुल, तोसा, डोगो आणि फिला. मग ब्रीडर लोकांनी त्या यादीच्या बाहेर राहणारा, पिटबुलपेक्षाही मोठा एक्सएल बुली आणला, माणसं मेली, आणि शेवटी २०२३ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने त्याच्यावरही बंदी घालावी लागली. नेदरलँड्सने पिटबुलची बंदी पंधराएक वर्षं चालवून २००८ मध्ये मागे घेतली. कॅनडात कॅलगरी शहराने जातीला हात न लावता परवाना, दंड आणि मालकाची जबाबदारी यावर काम केलं, जगभर त्याचं उदाहरण देतात, पण तिथे परवाना तपासायला माणूस खरंच येतो, हे विसरून चालणार नाही.

आता तुमच्या लिफ्टकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की कुत्रा पट्ट्याला होता तरी चावला, म्हणून लोक म्हणतात लीशचा काय उपयोग. मला सांगा, लीश कुठली होती? तुमच्या पुढच्याच वाक्यात आहे, बटणवाली, लांब होणारी. ती फ्लेक्सी लीश पाच मीटर लांब होते, तिच्यात एक बारीक दोरी असते, कुत्रा सुटला की हात लावला तर बोटं भाजतात, आणि पन्नास किलोच्या झेपेला ते प्लॅस्टिकचं हँडल हातातून निसटतं. आणि धरलं कोणी होतं? आठवीतला मुलगा. म्हणजे लीश होती असं म्हणताच येत नाही. मोकळ्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी होती असं म्हणा.

म्हणून नियम करायचा तर जातीचं नाव न घेता वजनावर करा. मी २५ किलो ही रेषा धरायला सांगते, ती काही कायद्यात नाही, माझ्या अनुभवातून आलेली आहे, त्याच्या वर कुत्रा जोर लावतो तेव्हा धरणाऱ्याचा पाय सरकतो. २५ किलोच्या वरचा कुत्रा सोसायटीच्या आवारात १८ वर्षांवरच्या, त्याला उभ्या उभ्या थांबवू शकणाऱ्या माणसानेच न्यायचा. पोरांनी नाही, आजोबांनी नाही, एका हातात तीन कुत्रे धरणाऱ्या वॉकरने तर अजिबात नाही. लीश न ताणणारी, चार ते सहा फुटांची, कापडी किंवा चामड्याची, मनगटात अडकवलेली, आणि लॉबीत, जिन्यात, पार्किंगमध्ये, लिफ्टजवळ तिला गुंडाळून दोन फुटांवर आणायची. साधा गळ्यातला पट्टा पुरत नाही, कुत्रा मागे ओढला की तो कानावरून सुळकन निघतो, कारवानीसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यात तर हमखास, म्हणून छातीला हूक असलेला हार्नेस आणि पट्टा, दोन्हीला लीश जोडा. चोक चेन आणि काट्याचे पट्टे वापरा असं कोणी ट्रेनर सांगत असेल तर ऐकू नका. माणूस दिसला की मान दुखते एवढंच कुत्रा शिकतो, आणि मग माणूस दिसला की चावतो, अशा केसेस माझ्याकडे ढिगाने आहेत.

लिफ्टचा वेगळा नियम करा, कारण खरं सांगायचं तर फ्लॅटमधल्या कुत्र्यांचे निम्मे भांडण तिथलेच. बंद खोका, पळायला जागा नाही, आणि अचानक दार उघडून समोर एक अनोळखी माणूस नाकाला नाक लावून. कुत्र्याला ते समोरून चालून आल्यासारखंच वाटतं. म्हणून कुत्रा मागच्या कोपऱ्यात, माणूस कुत्रा आणि दार यांच्या मध्ये, दार उघडलं की आधी माणसाने बाहेर बघायचं, कोणी असेल तर दोन पावलं मागे व्हा म्हणून सांगायचं आणि मग निघायचं. आत कोणी असेल आणि त्यांनी नको म्हटलं तर पुढची लिफ्ट. भीती वाटणाऱ्या माणसाला कारण विचारायचं नाही. हे कुत्रेवाल्यांना मी कळकळीने सांगते, तो काही करत नाही हो, हे वाक्य बोलणं बंद करा. समोरच्या बाईला लहानपणी चावलं असेल, तिच्या गावात कोणी रेबीजने गेलं असेल, तुमचा कुत्रा काही करत नाही हे सिद्ध करायची जागा तिची कंबर नाही.

मझल, म्हणजे तोंडाला बांधायचं मुसकं. एकदा चावलेल्या कुत्र्याला लिफ्ट आणि लॉबीत मझल हवंच, तुमच्या या रॉटीला आजपासून. पण बास्केट मझल, म्हणजे जाळीचं, ज्याच्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. कापडी नळीसारखं तोंड आवळणारं मुसकं पुण्याच्या एप्रिल मे मध्ये बांधून फिरवलं तर कुत्रा उष्माघाताने जाईल, कारण धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करायचा मुख्य मार्ग आहे. मझलची सवय दोन तीन आठवड्यांत लागते, आत थोडं दही लावून स्वतःहून तोंड घालू द्यायचं, जबरदस्ती नाही.

आणि दुसरी बाजू पण लिहा ठरावात. दिवसभर १२०० स्क्वेअर फुटात बंद, दोन वेळा दहा मिनिटं खाली, तेही सगळ्यांच्या शिव्या खात, असा तरुण रॉटवायलर शांत राहील ही अपेक्षा चुकीची आहे. तुमच्याकडे टेनिस कोर्ट आहे असं तुम्ही लिहिलंय. सकाळी सहा ते सात बंद दाराच्या आत मोठ्या कुत्र्यांना एकेकाला २० मिनिटं मोकळं सोडू द्या, शी उचलायची जबाबदारी त्यांची. लीशचे नियम कडक हवे असतील तर पळायला जागा द्यावीच लागते, दोन्ही एकत्रच चालतं.

अंमलबजावणीचं म्हणाल तर दंडाचे आकडे ठरवण्याआधी वकिलाला विचारा, ते अनेकदा टिकत नाहीत. माझ्या मते रजिस्टर जास्त उपयोगी पडतं. प्रत्येक कुत्र्याचा महापालिकेचा परवाना, चालू वर्षाचं रेबीज सर्टिफिकेट, मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर, कोण फिरवतं त्यांची नावं, एवढं ऑफिसात हवं. नियम मोडला की तारीख आणि कॅमेऱ्याच्या व्हिडिओसकट लेखी पत्र. दोन पत्रं झाली आणि तिसऱ्यांदा तेच झालं तर सरळ पोलिसांत, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडून हसत बसलेल्या माणसाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, तिथे हेच कलम लागलं. तो व्हिडिओ बघून मला कुत्र्याची जात आठवत नाही, तो हसणारा माणूस आठवतो. पेट इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टी लायबिलिटीचं कव्हर मिळतं, मोठा कुत्रा ठेवणाऱ्यांनी ते घ्यावं अशी विनंती तरी ठरावात घाला, म्हणजे पुढच्या मावशींना हात पसरायला लागणार नाही.

ब्रीडरबद्दल एकच सांगते. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. प्रत्यक्षात माझ्याकडे पाच आठवड्यांची रॉटवायलर पिल्लं येतात. आई आणि भावंडांकडून चावा किती जोरात लागतो हे शिकायचे तेच दिवस असतात, आणि तीन महिन्यांपर्यंत माणसं, लिफ्ट, छत्र्या, साडी, हेल्मेट हे सगळं त्याने बघायला हवं. मी नवी होते तेव्हा असंच लवकर आईपासून तोडलेलं, ताटलीजवळ गुरगुरणारं पिल्लू घेऊन एक कुटुंब आलं आणि मी म्हणाले वाढेल तसं शांत होईल. दीड वर्षाचा झाल्यावर त्याने घरातल्या आजींचा हात फाडला. ते स्पिट्झ होतं. त्या आजींना मी भेटायला गेले होते, त्या मला काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून कुठल्याही पिल्लाच्या गुरगुरण्याला मी वय म्हणून सोडून दिलेलं नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय तुमच्या मेंबरनी यात घुसवलाय तो कृपया वेगळा ठेवा, त्याला २०२३ चे एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियम आणि सुप्रीम कोर्टाचे आदेश आहेत, दोन्ही एका ठरावात आणलेत तर पहाटेपर्यंत भांडण चालेल आणि एकही नियम पास होणार नाही.

राहिला तो कुत्रा. त्याला कुठल्याही चांगल्या व्हेटकडे न्यायला सांगा, आधी दुखणं तपासायचं, रॉटवायलरमध्ये कंबरेचा सांधा तरुण वयातच खराब असू शकतो आणि दुखणारा कुत्रा पटकन चावतो, थायरॉइडची पण रक्ततपासणी होते. आणि लिफ्टच्या कॅमेऱ्याचा तो व्हिडिओ डिलीट होण्याआधी आजच काढून ठेवा, बऱ्याच सोसायट्यांत तो महिनाभरात पुसला जातो. झेप घेतली तो भाग मला नकोय, त्याच्या आधीचं एक मिनिट हवंय, कान कुठे होते, तोंड बंद करून ताठ झाला होता का, पोराने त्याच वेळी लीश ओढली का, मावशींच्या हातात पिशवी होती का. त्या मिनिटावरून कळेल की हा कुत्रा घाबरून चावला, राखण करत चावला की दुखावून चावला, आणि त्यावर ठरेल की तो तुमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहू शकतो की त्याला जमिनीवरचं, कुंपणवालं घर शोधायला हवं.